रात्री नऊचं नेट: फायबरची तार की एअरफायबर?
शेजारच्या काकूंना मुलाच्या संध्याकाळच्या ऑनलाइन क्लाससाठी नवं कनेक्शन घ्यायचंय. तार घरात आणणारं फायबर घ्यावं की गच्चीवर डबा लावून ५जीवर चालणारं एअरफायबर? जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून गर्दीच्या वेळी काय होतं ते पाहू.

फायबरही वाटूनच मिळतं. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे २.५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या छोट्या डबीतून, ३२ किंवा ६४ घरांत जातात. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून हे निभतं. खरी अडचण पुढे असते. ऑपरेटरने सगळ्या ग्राहकांसाठी वरून घेतलेली बँडविड्थ, म्हणजे एकूण नेटची क्षमताच, कमी असेल, तर तार कितीही चांगली असो, नऊला व्हिडिओ अडखळतो. त्यामुळे त्याच इमारतीतल्या ग्राहकाकडे रात्री स्पीड टेस्ट केल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नका.

एअरफायबरचा टॉवर परिसरातले मोबाइलही सांभाळतो, म्हणून वेग आणि पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त हलतात.

'अनलिमिटेड' दोन्हीकडे लिहितात, पण ठरावीक जीबीनंतर वेग पाडला जातो, आणि ही मर्यादा एअरफायबरला बरीच कमी असते. पहाटेही नेट रांगत असेल तर गर्दीला दोष देऊ नका, आधी कोटा तपासा.

काकूंना मी फायबरच सांगितलं, कारण क्लासमध्ये आवाज तुटणं परवडत नाही. गल्लीत तार पोचत नसेल किंवा भाड्याचं घर लवकर बदलायचं असेल, तर एअरफायबर घ्या, महिन्याच्या प्लॅनवर.