अकरावी सायन्स, डिप्लोमा की आयटीआय? बडोद्यातल्या पालकांसाठी

माझी भाची यंदा दहावी झाली. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी रोज संध्याकाळी कुणी ना कुणी सल्ला देऊन जातं, आणि बहिणीने शेवटी मलाच विचारलं, "दादा, तू डिप्लोमा केलास, तुझा मुलगा सायन्सला गेला. तूच सांग." तिला जे सांगितलं ते इथे लिहितो आहे.

आधी वर्षांचा हिशेब करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगच्या डिग्रीची चार, अशी सहा वर्षं. डिप्लोमाची तीन, मग डीटूडीने (डिप्लोमा टू डिग्री) डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन. तीही सहाच. डिप्लोमात वर्ष वाया जातं असं सांगणाऱ्या शेजाऱ्यांनी ही बेरीज केलेली नसते. घरची परिस्थिती मध्येच बदलली, तर डिप्लोमावाल्याच्या हाती तीन वर्षांनी नोकरी देणारा कागद असतो. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला तो बसू शकतो, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम शोधू शकतो. नुसत्या बारावी सायन्सच्या मार्कशीटवर हे जमत नाही.

पण डिप्लोमा काही दारं बंद करतो, आणि ती आजच बघून घ्या. मुलीच्या मनात डॉक्टर व्हायचं थोडंही असेल तर डिप्लोमा नको. नीटसाठी बारावीला बायोलॉजी लागतं. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीएलाही बारावीच लागते. ज्या मुलांना अजून काहीच ठरवता येत नाही (पंधराव्या वर्षी बहुतेकांना येत नाही, त्यात गैर काय?) त्यांच्यासाठी सायन्स बरं. ए ग्रुप घेतला तर गणित, बी ग्रुप घेतला तर बायोलॉजी. एबीमध्ये दोन्ही वाटा उघड्या राहतात, पण चार भारी विषय एकदम अंगावर येतात. माझ्या मुलाने एबी घेतला आणि पहिल्या सहामाहीत त्याची झोप उडाली. ज्याला गणित मनापासून आवडतं त्यानेच हे ओझं घ्यावं.

सायन्समध्ये आणखी एक धोका आहे. जेईईच्या क्लासमागे लागून मुलं बोर्डाकडे दुर्लक्ष करतात. आमच्या घरी हे झालं. क्लासवाले म्हणाले, बोर्डाचं नंतर बघू, आणि आम्ही ऐकलं. गुजरातमधल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या मेरिटमध्ये बोर्डाचे गुण आणि गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा, दोन्ही धरतात. गुजसेटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, जेईई मेनमध्ये एक, त्यामुळे दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो. लालबागचं गतिशक्ती विद्यापीठ मनात असेल तर मात्र जेईई मेन हवीच.

डिप्लोमाबद्दल जरा सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायला मला आठवडा लागला होता. हाताला फोड आले, पण मापाची नजर तिथे तयार झाली आणि ती आजही कामाला येते. ज्या मुलाला मिक्सर उघडून बघायची खाज आहे, त्याला अकरावीच्या बाकावर दोन वर्षं बांधून ठेवणं मला क्रूर वाटतं. अडचण पुढे येते. डीटूडीने डिग्रीला गेलो तेव्हा बारावीवाली मुलं पहिल्या वर्षाचं गणित करून बसलेली होती, आणि मला इंटिग्रेशनसाठी रात्री जागाव्या लागल्या. म्हणून डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापासूनच गणित पुन्हा हातात घ्या. आमच्या वेळी डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश व्हायचा. आता डीडीसीईटी ही परीक्षाही द्यावी लागते.

आयटीआयचं नाव काढलं की आपल्या मराठी घरांत चेहरे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. याच शहरात सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन काढलं, हाताच्या विद्येला शाळेची प्रतिष्ठा दिली, आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा. पुढे शिकायचं असेल तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. लवकर कमावणं गरजेचं असेल तर तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन एकदा विचारून या.

पैशांची बाजू: डिप्लोमा किंवा डिग्रीला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये रांगा लागतात.

भाचीचं म्हणाल तर तिला बायोलॉजीत रस नाही, फिजिक्स आवडतं, आणि घरातला पंखा बिघडला की स्टूल तीच आणते. माझं मत डिप्लोमाकडे झुकतं. बहिणीचं मन अजून तयार नाही, म्हणून शाळेत अकरावीचा फॉर्मही भरून ठेवला आहे. सोमवारी आम्ही तिघं पॉलिटेक्निकचं वर्कशॉप बघायला जाणार आहोत.