कंसातल्या संख्येचं काय? वैज्ञानिक कॅल्क्युलेटर, सहा महिने वापरून

भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातून हा कॅल्क्युलेटर घेतला. पंधराशेच्या आत बसला. तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे काउंटरवरच माझी ठरलेली संख्या घातली: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १.

ही मूळ संख्या असावी असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं तिचे अवयव पाडून दाखवले. शिफ्ट दाबून अवयवांचं बटण दाबलं आणि क्षणात पडद्यावर आलं: ६४१ × (६७००४१७). दुकानात उभ्या उभ्या अंगावर काटा आला!

घरी जाताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भाचीला तेच वहीत करून दाखवलं. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते. त्याहून देखणी रीत अशी: ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून, ५ गुणिले २ चा ७ वा घात याला ६४१ नं भागल्यावर बाकी −१. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि त्याची बाकी १. आता दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवा. २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की पूर्ण भाग. भागाकार करावाच लागत नाही.

माझी तक्रार त्या कंसाबद्दल आहे. २,१४,७४,८३,६४७ घातली तर सगळी संख्या कंसात आली. भाची म्हणाली, “मूळ आहे म्हणूनच कंसात आली की, मावशी.” मूळ आहे हे खरंच, ऑयलरनं १७७२ मध्ये ते सिद्ध केलं. पण कंसाचा अर्थ तो नव्हे. हे यंत्र तीन अंकांपर्यंतचेच मूळ अवयव शोधतं, आणि त्यापुढं जे फुटत नाही ते कंसात टाकतं. मग तिला १०,२२,११७ घालायला सांगितलं. तीही कंसात! ती तर १००९ × १०१३ आहे. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत लिहिलंय, पण पोरं ते पत्रक खोक्यातून काढतही नाहीत. एवढी मोलाची सूचना ठळक छापायला हवी होती.

बाकी बटणं दमदार, आकडे ट्यूबलाइटखालीही स्वच्छ दिसतात. अकरावीपासून पुढच्या मुलांना जरूर घ्या, फक्त पहिल्याच दिवशी १०,२२,११७ घालून दाखवा. आमच्या भाचीनं झाकणाच्या आत कागदाची पट्टी चिकटवलीय: “कंस म्हणजे पुढं तपास.”