आठ महिने मी भलत्यालाच दोष देत होतो

मी लग्नाचे फोटो काढतो. संभाजीनगर, जालना, परभणी या पट्ट्यात काम असतं. मागच्या दिवाळीआधी कर्ज काढून ७०-२०० एफ २.८ ही लांबचं टिपणारी झूम लेन्स घेतली. एवढ्या महागाची काच उघडी कशी ठेवायची, म्हणून लगेच फिल्टर, म्हणजे लेन्सपुढं बसवायची काच, शोधायला लागलो. तेव्हाच शहरात फोटोग्राफरांची एक कार्यशाळा होती. हॉलच्या बाहेर टेबल मांडून एक जण फिल्टर विकत होता. ७७ मिलिमीटरचे यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (चकाकी कमी करणारा) आणि एनडी १००० (प्रकाश कमी करणारी गडद काच), असा तीन फिल्टरचा सेट ९,५०० रुपयांना. नामांकित जपानी कंपनीचं खोकं, त्यावर होलोग्राम, आत प्लॅस्टिकची डबी. "भाऊ, इम्पोर्टरकडून डायरेक्ट माल आहे, म्हणून हा भाव." दुकानात याला जवळपास दुप्पट पैसे पडतात हे मला माहीत होतं. भाव इतका कमी का, हे तिथंच विचारायला पाहिजे होतं. मी ५०० कमी करून घेतले, फोनवरून पैसे टाकले आणि साध्या कागदावरचं बिल खिशात घातलं.

डिसेंबरात जालन्याला गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. स्टेजवर दोन्ही बाजूंनी एलईडीचे मोठे फोकस. घरी येऊन फोटो उघडले तर वरमालेच्या एकोणीस फ्रेममध्ये नवरीच्या गालावर हिरवट ठिपका. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात दिवा असला की ठिपका बरोबर समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे, आणि नवरी नेमकी तिथंच. काही फ्रेम दुरुस्त झाल्या. पण जिथं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या तीन काही केल्या सुधारल्या नाहीत. मुलीच्या वडिलांनी अल्बम बघताना बोट ठेवून विचारलं, "दादा, हे काय आलंय पोरीच्या तोंडावर?" मी लाइटवाल्यावर ढकललं. आज ते आठवलं की वाईट वाटतं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

जानेवारीत नाथसागरावर रोहित पक्षी बघायला गेलो. पूर्ण झूमवर, २०० मिलिमीटरला एकही फोटो कडक, म्हणजे स्पष्ट, येईना. सोबतचा मित्र म्हणाला, "अरे, नव्या लेन्सला कामून शिव्या देऊ राहिला? हात हलत असंल तुझा." मोनोपॉड घेतला, शटर स्पीड वाढवला, तरी तेच. शेवटी लेन्स पुण्याला सर्व्हिसला पाठवली. पाठवताना एरवी कायम लावलेला यूव्ही फिल्टर काढून ठेवला होता, त्यामुळं तिथं लेन्स अगदी व्यवस्थित निघाली. तपासणीचे पैसे गेले ते गेलेच, आणि मला पटलं की दोष माझ्या हातात आहे. मार्चमधली दोन कामं मी त्याच भीतीनं सोडून दिली.

खरं काय ते ऑगस्टमध्ये वेरूळला कळलं. २९ नंबरच्या लेणीजवळचा धबधबा पावसाळ्यात वाहतो, तिथं पहिल्यांदाच सीपीएल लावला. ओल्या कातळावरची चकाकी सीपीएल फिरवला की कमी-जास्त व्हायला पाहिजे. मी रिंग पूर्ण गोल फिरवली, कातळ आहे तस्सा चमकत होता. फिल्टर काढून मोबाइलच्या चालू स्क्रीनसमोर धरून फिरवला. खऱ्या सीपीएलमधून बघताना, पुढची बाजू स्क्रीनकडे असेल तर, फिरवता फिरवता बहुतेक मोबाइलचा स्क्रीन एका ठिकाणी काळा पडतो. इथं काहीच नाही. मला सीपीएल म्हणून नुसती करड्या रंगाची काच विकली होती.

घरी येऊन उरलेले दोन तपासले. ट्यूबलाइटखाली यूव्ही तिरपा धरला. चांगल्या कोटिंगच्या (चकाकी रोखणाऱ्या थराच्या) फिल्टरमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब अंधुक, हिरवट-जांभळं दिसतं. माझ्या फिल्टरमध्ये खिडकीच्या काचेसारखी पांढरी ट्यूब झळकत होती. कोटिंग नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते. समोरच्या तेज दिव्याचा प्रकाश सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, आपटून मागे फिरतो, या काचेवरून पुन्हा आत येतो, आणि तो नवरीच्या गालावरचा ठिपका होतो. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चसमोर फिल्टर धरला, तर मागच्या नोटेतले धागे जसेच्या तसे चमकले. म्हणजे तो बहुधा यूव्ही अडवतच नव्हता. (नुसतं 'प्रोटेक्टर' लिहिलेल्या अस्सल फिल्टरमधूनही यूव्ही जाऊ शकतो, त्याला या कसोटीवर खोटा ठरवू नका.) तसा डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढं यूव्ही अडवणारी काच आधीच असते. यूव्ही फिल्टर आपण लावतो तो धूळ, पाणी, ओरखडे यांच्यापासून राखण म्हणून. पण राखणीची ती काच एकसारखी सपाट नसेल तर लांबचं टिपताना फोटो मऊच, म्हणजे अस्पष्टच, येणार, लेन्स लाखाची असली तरी. एनडीनं तर उन्हातला सगळा फोटो विटकरी केला.

शिवाय तपासायला काढताना यूव्हीची रिंग लेन्सच्या आट्यांत अडकून बसली होती. जाड रबरबँड गुंडाळून, दाब न देता, पूर्ण पंजानं सावकाश फिरवल्यावर निघाली. लेन्सच्या पहिल्या आटीवर ओरखडा राहिलाच.

फिल्टर विकणाऱ्या त्या माणसाला फोटो पाठवले. आधी म्हणाला लाइटचा प्रॉब्लेम आहे, मग नंबर ब्लॉक केला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. आता यूपीआयची नोंद, चॅटचे स्क्रीनशॉट आणि खोक्याचे फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलं म्हणून आपण ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. पक्कं जीएसटी बिल असतं तर माझी बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

जालन्याच्या त्या वडिलांना फोन करून खरं सांगितलं, लाइटवाल्यालाही सांगितलं. अल्बमचे अर्धे पैसे परत करतोय. त्या तीन फ्रेम मात्र कुठून आणू?

तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू होतोय. कार्यशाळेबाहेर, ग्रुपवर किंवा कुणाच्या ओळखीनं असा सेट घेतला असेल, तर पहिल्या लग्नाआधी ट्यूबलाइट आणि मोबाइलसमोर धरून बघा. पाच मिनिटं लागतात.