पोकलेनच्या वायरिंगसाठी कराडचं वर्कशॉप: आधी मीटर, मग पार्ट

आमचं वीस टनी पोकलेन सेकंडहँड आहे. माण-खटावात शेततळी, विहिरी, ओढ्याचं खोलीकरण अशी कामं चालतात. मशीनवर दीर बसतात. डिझेल, हिशोब आणि दुरुस्ती माझ्याकडे. जुन्या मशीनचं इंजिन आणि हायड्रॉलिक बघणारे पुष्कळ भेटतात. सेन्सर आणि वायरिंग समजून बघणारा माणूस मात्र शोधावा लागतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वर्कशॉप कराडजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे. एकच शटर, पण बहुतेक काम ते साइटवर येऊन करतात.

आमचा फॉल्ट असा होता: तासभर काम झालं की बूम (मशीनचा मोठा हात) उचलताना इंजिनचा आरपीएम धाडकन पडायचा आणि मॉनिटरवर एकदम तीन कोड यायचे. चावी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा सेन्सर बदलला, दुसऱ्याने बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा. फॉल्ट जागेवरच. दुसरा तर जाताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल म्हणून सांगून गेला. त्या एका शब्दाने सेकंडहँड मशीनवाल्याची झोप उडते.

कराडच्या दादांनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी दिरांना विचारलं, "भाऊ, मशीन गरम झाल्यावरच होतं का? धुतल्यावर होतं का? उजवीकडे फिरवताना की बूम वर घेताना?" मग कोड वहीत उतरवले. एसपीएन (त्रास कुठे आहे ते सांगणारा नंबर) १००, १०२ आणि १५७, म्हणजे ऑइल प्रेशर, बूस्ट आणि रेल प्रेशर. तिघांपुढे एफएमआय (बिघाड कसला आहे ते सांगणारा नंबर) ४. मी म्हटलं, "दादा, मग तिसरा सेन्सरही बदलायचा का?"

"थांबा वहिनी. कोड म्हणतोय व्होल्टेज कमी येतंय. सेन्सर मेला असं तो म्हणत नाही. तीन सेन्सर एका मिनिटात एकदम मरत नाहीत."

त्यांनी दाखवलं ते असं. हे तिन्ही सेन्सर तीन वायरींचे. एक वायर ५ व्होल्टची, एक ग्राउंड, एक सिग्नलची. आमच्या मशीनमध्ये ५ व्होल्टची लाइन तिघांना एकच. ती कुठेही बॉडीला टेकली की तिघांचे सिग्नल एकदम खाली येणार. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर दोन वायरींचा, या लाइनवर नसलेला, आणि त्याचा कोड आलेला नव्हता. संशय इथेच पक्का झाला.

मीटर त्या लाइनला लावून, चावी चालू ठेवून ते हार्नेस (वायरींचा जुडगा) वीत-वीतभर हलवत गेले. इंजिनच्या मागे, पंपाकडे वळताना मीटर ५ वरून जवळजवळ शून्यावर आला. हार्नेस त्याच जागी धरून ठेवून त्यांनी तिन्ही सेन्सरचे कपलर एकेक करून काढायला लावले. व्होल्टेज परत आलं नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष, वायर दोषी. काळा नालीदार पाइप चिरला, तर आत एका क्लॅम्पखाली इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलेलं. इंजिन ताण घेताना हलायचं आणि ते तांबं ब्रॅकेटला टेकायचं.

दुरुस्तीही आवडली. नुसती टेप गुंडाळली नाही. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर क्रिंप केली, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवली आणि क्लॅम्पला रबर घातलं. काढलेले जुने सेन्सर तपासून "हे चांगले आहेत, स्पेअर म्हणून जपून ठेवा" असं सांगितलं. गिऱ्हाईक परत यावं म्हणून गप्प राहणारे खूप बघितलेत. हे वेगळं वाटलं.

नंतर पंपाच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) त्रास झाला तेव्हाही बोलावलं. वायरची कंटिन्युटी (वायर मधे तुटलेली नाही ना, ही तपासणी) बरोबर, मीटर बीप देत होता. त्यांनी दोन्ही टोकांचे कपलर काढले, म्हणजे कंट्रोलरला धोका नको, आणि त्या वायरमधून २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पेटवला. बल्ब मिणमिणला. आत तांबं कळकून दोन-चार तारा उरल्या होत्या. बीप यायला एक तार पुरते, काम करायला नाही.

माझ्या मते त्यांची सगळ्यात मोलाची सेवा म्हणजे सेकंडहँड मशीन घेण्याआधीची तपासणी. दुसरं मशीन बघायला आम्ही त्यांना नेलं. "मालकाला सांगा, आम्ही यायच्या आधी स्टार्ट करू नका," एवढीच अट. सकाळी थंड इंजिनवर नुसती चावी फिरवून त्यांनी स्कॅनरवर आकडे बघितले. रात्रभर उभ्या मशीनचं कूलंट, इनटेक हवा आणि हायड्रॉलिक ऑइल यांचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. इथे कूलंट ८२ अंश दाखवत होतं. सेन्सरच्या जागी वायरींना रेझिस्टर जोडला होता, म्हणजे इंजिन कितीही तापलं तरी काटा मधेच. मग बॅटरी कटऑफ बंद करून कॅन लाइनच्या (मशीनमधले कंट्रोलर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती लाइन) दोन वायरींमध्ये ओहम मोजले: ६० यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले, म्हणजे एका टोकाचा संबंध तुटलेला. मशीन आम्ही सोडलं.

तक्रारी आहेत. एप्रिल-मे मध्ये, कामाचा जोर असताना, दोन-दोन दिवस नंबर लागत नाही आणि फोन उचलला जात नाही. लेखी रिपोर्ट मागितल्याशिवाय देत नाहीत. व्यवहारात दाखवायला तो लागतो, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. तपासणीचे २,५०० रुपये फॉल्ट सापडो न सापडो द्यावे लागतात, येण्याजाण्याचं वेगळं. काहींना हे खटकतं. मला नाही, कारण मी दोन नको असलेल्या सेन्सरचे पैसे याहून कितीतरी जास्त भरलेत.

बोलवायच्या आधी इंजिन धुऊ नका, कोड पुसू नका आणि ऑपरेटरला साइटवर हजर ठेवा. बकेटला वेल्डिंग करायचं असेल तर ते त्यांच्या भेटीनंतर करा, आणि बॅटरीच्या केबल काढूनच. रविवारी शटर बंद असतं.