जुन्या ॲम्बेसिडर-पद्मिनीला इंजिनाच्या पट्ट्याचा पंखा ठेवावा की इलेक्ट्रिक फॅन बसवावा?

मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या वर गेला की जुनी गाडी उभ्याउभ्या तापते: रेल्वे फाटकावर, आठवडी बाजारात, बैलगाड्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. 50 च्या वेगाने पळताना रेडिएटरच्या जाळीतून हवा आपोआप येते, तेव्हा पंख्याला फारसं काम नसतं. पळतानाही तापमानाचा काटा चढत असेल तर पंखा बदलून पैसे वाया घालवू नका, आधी रेडिएटर पाहा. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी भरत आलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतोच. नळ्या साफ करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा.

रेडिएटर ठीक असेल तर निर्णय एका गोष्टीवर आहे: बोनेटखाली बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो आहे की नंतरचा अल्टरनेटर.

डायनामो असेल तर पट्ट्याचाच पंखा ठेवा. 12 इंची इलेक्ट्रिक फॅन साधारण 8 ते 12 अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त. जुना डायनामो पूर्ण वेगात जेमतेम 22 अँपिअर देतो आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे फॅनची गरज असते तेव्हाच तो बॅटरी खातो. रात्री हेडलाइट लावून फाटकावर थांबलात की गाडी धक्क्यावर आलीच म्हणून समजा.

पट्ट्याच्या पंख्याची खरी कमजोरी म्हणजे आयडलिंगला तो मंद फिरतो. त्यात रेडिएटरमागचं, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, म्हणजे श्राउड, कुणीतरी काढून टाकलेलं असतं, मग पंखा बाजूची गरम हवाच ओढत बसतो. श्राउड बनवून घ्या: पातं निम्मं आत, निम्मं बाहेर, आणि टोकाभोवती 20 ते 25 मिलिमीटर मोकळीक. इंजिनाचे रबरी माउंट दबून खाली बसलेले असतील तर ते आधी बदला, नाहीतर पातं कड्याला घासेल. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 10-12 मिलिमीटर दबावा. एवढ्यानेच बऱ्याच गाड्यांचं काम भागतं, आणि बिघडलं तर तालुक्याचा कुठलाही मिस्त्री ते दुरुस्त करतो. पावसाळ्यात नाला ओलांडताना मात्र हा पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) भिजवतो; पाणी खोल असेल तर आधी पट्टा सैल करा.

अल्टरनेटर असेल तर इलेक्ट्रिक फॅन चांगला, कारण इंजिन कितीही मंद असो, तो पूर्ण वेगात फिरतो. शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा बसवा. त्यासाठी वॉटर पंपाच्या टोकापासून जाळीपर्यंतचं अंतर मोजा. पातळ फॅनलाही 65 मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. पुढून ढकलणारा फॅन येणारी हवा अडवतो, शिवाय त्याच्या आणि जाळीच्या मध्ये कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा अडकतो, तो फॅन काढल्याशिवाय निघत नाही. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधू नका, खाचखळग्यात त्या नळ्या कापतात. लोखंडी पट्टीची चौकट करून रेडिएटरच्या बाजूच्या बोल्टांना बसवा.

वायरिंग असं: बॅटरीतून 20 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 नंबरच्या टोकाला, 87 वरून फॅनला, 86 ला इग्निशन आणि 85 थर्मोस्विचमार्गे (तापमानावर चालणारा स्विच) अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. फॅनची वायर किमान 2.5 चौरस मिलिमीटर. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) 82 अंशांचा असेल तर 92 ला चालू आणि 87 ला बंद होणारा स्विच घ्या. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली गेला तर फॅन थांबणारच नाही. एकाच वायरचा स्विच रबरी पाइपमधल्या धातूच्या नळीत बसवला असेल तर त्या नळीला वेगळी अर्थ वायर द्या. रबरामुळे अर्थ मिळत नाही आणि फॅन सुरूच होत नाही.

जुना पंखा काढल्यावर त्याचेच बोल्ट पुली धरत असतील तर ते लांब पडतात, पुली सैल राहते. आखूड बोल्ट वापरा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) फॅनच्या वायरी नेहमीच्या रंगाने जोडल्या तर तो उलटा फिरतो. ग्रिलसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे.

शेवटी आयडलिंगला हेडलाइट आणि फॅन दोन्ही लावून बॅटरीवर मीटर धरा. 13 व्होल्टच्या वर असेल तर काळजी नाही. 12.6 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी रिकामी होतेय, मग आधी मोठा अल्टरनेटर लावा.