झिऱ्या बुजवायला जिप्सम फिलर: वापरून झाल्यावरचं मत

कन्सील्ड वायरिंग झालं की इलेक्ट्रिशियन मोकळा होतो आणि वायरच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या उभ्या-आडव्या झिऱ्या आपल्या गळ्यात पडतात. त्या बुजवायला मी पावडरीत मिळणारा जिप्समचा पॅचिंग फिलर वापरला. कोरड्या खोल्यांसाठी मी तो अगदी खात्रीने सुचवेन.

मुख्य कारण म्हणजे खोल झिरी भरूनही कडांना चीर पडली नाही. सिमेंटचा मसाला सुकताना आकसतो आणि नेमका जुन्या गिलाव्याच्या सांध्यावर सुटतो. जिप्सम घट्ट होताना आकसत तर नाहीच, उलट किंचित फुगतं, त्यामुळे झिरीत घट्ट बसतं. बरेच जण सरळ वॉल पुट्टीच कोंबतात, ते मला अजिबात पटत नाही. पुट्टी एक-दोन मिलिमीटरच्या थरासाठी असते. २० किंवा २५ मिलिमीटरच्या पाइपसाठी पाडलेली झिरी तिने भरली तर ती तडकणारच. पुट्टीचा हात शेवटी, वरून.

पण भरण्याआधी भिंत तयार करायलाच हवी. सैल गिलावा खरवडून काढायचा, ब्रशने धूळ झटकायची, पाइप हलत असेल तर आधी पक्का करायचा. तो हलता राहिला तर कुठलाही फिलर टिकणार नाही. मग झिरी ओली करायची. पाणी ओघळेल इतकी नाही, पण कोरडी भिंत फिलरमधलं पाणी शोषून घेते आणि तो घट्ट व्हायच्या आधीच भुसभुशीत होतो. माझ्या पाकिटावर या ओल्या करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, ही मोठी उणीव.

कालवताना पावडर पाण्यात सोडायची. घाणा, म्हणजे एका वेळी कालवलेला माल, छोटाच घ्यायचा, कारण घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून तो पुन्हा वापरता येत नाही, ताकद जाते. घमेलं दर वेळी स्वच्छ धुवायचं. तळाशी जुने कण राहिले की पुढचा घाणा हातातच घट्ट व्हायला लागतो.

सांध्यावर फायबरची जाळीपट्टी लावली, तीही पैसे वसूल करणारी वस्तू. स्विचबोर्डच्या पेटीभोवती मात्र मेन स्विच बंद करूनच हात घालायचा.

उणिवा म्हणाल तर घासताना उडणारी धूळ फार बारीक असते, मास्क हवाच. आणि प्रायमर न मारता रंग दिला तर बुजवलेली रेघ वेगळी उमटते, कारण ती जागा रंग जास्त पिते. जिथे ओल येते, म्हणजे बाथरूमला लागून असलेली भिंत किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत, तिथे हा फिलर नको. ओलाव्याने जिप्सम मऊ पडतं. त्या झिऱ्या मी सिमेंटच्या मसाल्यानेच भरल्या आणि नीट पाणी मारत राहिले.