मासिक पाळीच्या कपाचे ५९९ परत मागायला गेले आणि १९,२५२ घालवून बसले

दोन आठवडे झाले, घरात अजून कुणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. सासूबाईंना वाटतं दोनेक हजार गेले. तर १९,२५२ रुपये. आणि मी काही अडाणी बाई नाही हं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, एक रुपयाचा फरक लागला तरी जेवायला उठत नाही.

सोलापूरच्या उन्हात पॅड लावून दिवस काढणं म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको, मांड्या सोलवटतात. पुण्यात शिकताना टॅम्पॉनची, म्हणजे पाळीत आत बसवायच्या कापसाच्या सुरळीची, सवय लागलेली, पण इथं नव्या पेठेतल्या मेडिकलात टॅम्पॉन मागितला की पोरगं कापसाचा रोल काढून देतं. म्हणून ऑनलाइन मागवायचे, महिन्याला ३२०. त्यात टॅम्पॉन आठ तासांच्या आत बदलायलाच लागतो, नाहीतर टॉक्सिक शॉक सिंड्रोमची भीती, जंतूंच्या विषानं होणारा आजार, क्वचितच होतो पण जिवावरचा, आणि कारखान्यात लेडीज टॉयलेट एक, त्यात पाणी असलं तर असलं. पाळीचा कप, म्हणजे आत बसवून रक्त गोळा करणारा आणि धुऊन परत वापरायचा सिलिकॉनचा छोटा कप, बारा तासांपर्यंत चालतो, कित्येक वर्षं टिकतो, टाकायची भानगड नाही. हिशोब बरोबरच होता माझा.

रात्री रील दिसली. मेडिकल ग्रेड सिलिकॉन, १,४९९ चा ५९९ ला, सोबत पाऊच फ्री. कॅश ऑन डिलिव्हरी नाही. इथंच खटकायला पाहिजे होतं, पण म्हटलं बरंय, दारात पार्सलवाला पैसे मागत उभा नको. साईटवर पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यायलाच लागतं, हे ज्ञान मला आता झालंय.

पार्सल नवव्या दिवशी आलं. फोडलं तर नव्या चपलेचा वास. चांगल्या सिलिकॉनला वास नसतो बायांनो, वास आला की तिथंच ठेवून द्या. मी म्हटलं उकळल्यावर जाईल. सगळे झोपल्यावर दुधाच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवला तर पाच मिनिटांत त्याची कड वाकडी होऊन बुडाला चिकटली. सिलिकॉन उकळत्या पाण्यात असं करत नाही. ५९९ चं प्लास्टिक!

आता पुढचं नीट वाचा. मी गूगलवरून नंबर काढला नव्हता, तेवढी अक्कल आहे. पार्सलच्या चिठ्ठीवरच कस्टमर केअरचा नंबर छापलेला. संध्याकाळी साडेसातला गच्चीवर टाकीमागे जाऊन फोन लावला, कारण खाली सासूबाई आणि दीर टीव्हीसमोर. तो हिंदीत, एकदम गोड, "मॅडम, प्रॉडक्ट का नाम बताइए." मी हळू आवाजात सांगितलं. "आवाज नहीं आ रही मॅडम." परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला घाम फुटला, कधी एकदा हा फोन संपतोय असं झालं. आणि त्यानं बरोब्बर तेव्हाच सांगितलं, बोलायची गरजच नाही, व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवतो, तो भरा. मला तर सुटल्यासारखंच वाटलं!

फॉर्म म्हणजे एपीके फाईल, प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट मोबाईलवर ॲप टाकणारी. मोबाईलनं स्वतः विचारलं, अनोळखी ॲप आहे, धोका असू शकतो, तरी इन्स्टॉल करायचं का? हो. मग त्या ॲपनं विचारलं, तुमचे एसएमएस वाचू का? आणि मी परत हो केलं. ही जागा मला अजून झोपू देत नाही. पाच-सहा सेकंद बोट तसंच वर धरलेलं आठवतंय, मनात आलंही होतं की कपाच्या रिफंडला माझे मेसेज कशाला पाहिजेत, तेवढ्यात खालून हाक आली, "अगं भाकरी थापायच्या की", आणि बोट पडलं. व्हेरिफिकेशनचे ५ रुपये म्हणून कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे सगळं भरलं. पैसे यायचे असताना ५ रुपये द्यायचे कशाला? लोकांचे हिशोब तपासणारी मी, हे विचारलं नाही.

ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. ते ॲपच वाचून घेत होतं, मला मेसेज दिसलेच नाहीत. सकाळी दूधवाल्याला ५६ रुपये जाईनात तेव्हा कळलं. ९,९९९, मग ४,९९९, मग ३,६५०. शेवटचा आकडा असला का, तर खात्यात जेमतेम तेवढेच उरले होते. ३१ रुपये ठेवले, उपकार झाले. कपाचे ५९९ आणि ते ५ धरून १९,२५२.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. अर्धा तास लागेना, लागला तेव्हा तक्रार घेतली हे खरं, नंबरही मिळाला. असं काही झालं तर तुम्ही सकाळची वाट बघू नका, पहिल्या तासातच करा, आणि आधी मोबाईलचं नेट बंद करा.

बँकेतला साहेब मान वर न करता म्हणाला, "ओटीपी दिला असेल मॅडम." नाही दिला. "मग ॲप तुम्हीच टाकलं ना." रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर बाहेरच्यानं केलेल्या फसवणुकीचा भुर्दंड ग्राहकावर नाही, तो मी प्रिंट काढून नेला होता. त्यानं त्यातलीच दुसरी ओळ दाखवली, ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. ती ओळ मात्र साहेबांना पाठ होती! लेखी उत्तर मागितलं तर म्हणे मेल करा. मेलला उत्तर आलं की आपली तक्रार निकाली काढली आहे, सेवेला किती स्टार द्याल.

पोलीस ठाण्यात तर कमाल. "काय मागवलं होतं?" कप. "कसला, चहाचा?" मागच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मॅडम कॉन्स्टेबल बंदोबस्ताला गेलेल्या. मी म्हटलं मासिक पाळीचा, तर त्यानं अर्जात "घरगुती वस्तू" लिहिलं. मग म्हणे तुमचं राहायचं विजापूर रोडला, तिकडच्या ठाण्यात जा. हद्द नसली तरी तक्रार घ्यायलाच लागते असं म्हटल्यावर, "एवढं माहितीये तर फसलात कशा?" तीन फेऱ्या, रिक्षाचे ४८० वेगळेच, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

सध्या ३,६५० कुठल्यातरी खात्यात होल्डवर आहेत, अजून सुटलेले नाहीत. बाकीचे काढून नेले. आणि मी परत टॅम्पॉनवर, महिन्याला ३२०. कप घ्यायचाच असेल तर ओळखीच्या मेडिकलला सांगून मागवा आणि पक्कं बिल घ्या, मी पण तसंच करणार आहे, जरा हातात पैसे आले की.

गुरुवारी परत बोलावलंय, येताना ती वस्तू घेऊन या म्हणे. सासूबाई शेंगा चटणी ठेवतात तसला पारदर्शक डबा आणलाय नवा, त्यात घालून नेणार आहे.